सोलापूरहून उजेडाच्या आत

त्या दिवशी भाऊ नेहमीसारखेच शिडी चढून वर आले. एक हात गुडघ्यावर ठेवून ते दर पायरीला "हं" म्हणत, तसे म्हणाले. उपरण्याच्या टोकाला ज्वारी बांधलेली होती. खाली परसात शेवंती कोळीण डोक्यावरची पाटी उतरवून त्यांच्याकडे बघत उभी होती.

"भाऊ, या वयात शिडी चढताव? पडलाव तर मी नाय उचलनार!"

"नको उचलूस. पाटीत घालून ने."

"माज्या पाटीत ताजाच माल असतं," शेवंती म्हणाली, आणि दोघेही हसले.

भाऊंनी माझ्यापुढे दाणे टाकले. जुनं पाणी ओतून नवं भरलं. मग डोळ्यांवर हात धरून त्यांनी पारसिकच्या डोंगरापलीकडे पाहिलं. तिकडे बघायची त्यांची सवयच होती. "सुमती यायची आहे पुढच्या महिन्यात," ते मला म्हणाले. "जातेस का तिच्याबरोबर, एकदा शेवटचं?" मग स्वतःच मान हलवली. "नको. तुझे पंख आणि माझे गुडघे आता एकाच वयाचे झाले."

ते उतरून गेले. त्या दिवशी आणखी काहीही घडलं नाही. म्हणूनच तो दिवस मला सगळाच्या सगळा आठवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी होती तिथेच होती, पण भाऊ वर आले नाहीत. रात्री झोपेतच ते गेले होते.

मित्रांनो, मी एक म्हातारी कबुतरी आहे. माझं नाव टिकली. सगळं अंग पांढरं आणि कपाळावर तेवढा एक काळा ठिपका, म्हणून सुमतीनं मला हे नाव दिलं. माझं आयुष्य मी तुम्हांला सांगणार आहे. त्यात दुःख आहे, पण ते थोडं आहे. जास्त आहे ते आभाळ.

माझा जन्म कल्याणचा. तिथे रेल्वेच्या एका साहेबानं विलायतेहून डाकेची कबुतरं आणली होती. कुठेही नेऊन सोडा, ती आपल्या घरी परत येतात. साहेबाची बदली झाली तेव्हा त्यानं आपली पाखरं वाटून टाकली. मी तेव्हा नुकती पंख फुटलेली, कुरूप, पिवळ्या लवेची पोर होते. ठाण्याच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या एका मास्तरांनी मला मागून घेतलं. तेच भाऊ.

भाऊंनी परसात चार उंच खांब रोवून त्यांवर लाकडाची ढाबळ बांधली. ढाबळ म्हणजे आम्हां कबुतरांचं घर. तिथून मासुंदा तळं दिसे, देवळाचा कळस दिसे, खाडी दिसे, आणि शेजारच्या प्रभाकरपंतांचं अंगणही दिसे. प्रभाकरपंत कचेरीत कारकून होते. मूळचे बार्शीचे. नोकरीसाठी ठाण्याला येऊन त्यांना कित्येक वर्षं झाली होती, तरी त्यांचं मन इथल्या भातात रमलं नव्हतं.

"भाऊराव," ते कुंपणावरून म्हणाले, "ब्राह्मण-प्रभूंच्या वस्तीत कबुतरं? हे नबाबांचे षोक. उद्या पतंगही उडवाल."

"पतंगाला दोरा लागतो, पंत. हिला लागत नाही."

माझं शिक्षण सुरू झालं. पहिल्यांदा भाऊंनी मला माजिवड्याला नेऊन सोडलं. मी त्यांच्याआधी घरी आले. मग मुंब्रा, मग कल्याण, मग बदलापूर. ओळखीचे गार्ड माझी करंडी गाडीतून नेत आणि ठरलेल्या स्टेशनावर झाकण उघडत. झाकण उघडलं की आधी नुसता उजेड दिसतो. मग छातीत काहीतरी एका बाजूला ओढतं. त्या ओढीला मी कधी नाव शोधलं नाही. ती जिकडे नेई तिकडे मी जाई, आणि तिकडे ठाणं असे. कर्जत झालं, खंडाळा झालं, पुणंही झालं. पुण्याहून मी आले त्या दिवशी भाऊंनी शाळेतल्या मुलांना पेढे वाटले.

भाऊंची एकुलती मुलगी सुमती. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. भाऊंनी तिला घरीच लिहायला-वाचायला शिकवलं. शाळेचा मोठा नकाशा ते घरी आणत. दोघं तो जमिनीवर पसरत आणि ओणवून त्यावर प्रवास करीत. "भाऊ, नागपूरला जायचं," ती म्हणे, आणि तिचं बोट निघे. संध्याकाळी ती वर येऊन माझ्याशी वाचलेलं बोलत बसे. मला त्यातलं थोडंच कळे, पण तिचा आवाज मला आवडे.

तिचं लग्न सोलापूरला ठरलं. मुलगा शिकलेला होता. मुलीनं पुस्तकं आणली तरी त्या घरची ना नव्हती. असं स्थळ भाऊंना जवळपास मिळालं नव्हतं. लग्नानंतर ती काही वर्षं माहेरीच होती. मग नांदायला पाठवायची वेळ आली.

आपल्याकडे नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिच्यासोबत माहेरची एक बाई जाते. तिला पाठराखीण म्हणतात. ती चार-पाच दिवस राहते, मुलगी रुळली की परत येते आणि माहेरी सांगते, "पोर सुखात आहे." सुमतीला आई नव्हती, आत्या नव्हती. मावशी जायची होती, पण तिच्या सुनेचं बाळंतपण आडवं आलं. घरात बाई उरली नाही. भाऊ दिवसभर ओटीवर येरझाऱ्या घालत राहिले. संध्याकाळी वर आले, माझ्याकडे पाहिलं आणि खाली वाकून ओरडले, "सुमे, पाठराखीण मिळाली!"

सगळी आळी हसली. शेवंती तर पोट धरून हसली. "अवो, पाठराखीण कोंडा खानारी!" पण भाऊंचं ठरलं होतं. त्यांनी नकाशावर दोन दोरे लावले. एक तांबडा, रुळांच्या वाटेनं. ठाण्याहून निघून तो घाट चढायला वळणं घेई आणि पुण्याहून पुन्हा लांबच लांब जाई. दुसरा पांढरा, ठाण्याहून सोलापूरपर्यंत ताणून सरळ. दोन्ही शेजारी धरले. पांढरा आखूड होता.

"हा माझ्या टिकलीचा रस्ता," भाऊ म्हणाले. "सकाळी सोलापुरात सोडली तर दिवेलागणीच्या आत ठाण्यात. ज्या गावाहून पाखरू उजेडाच्या आत घरी येतं, ते गाव लांब नाही."

"आलंच तर," प्रभाकरपंत म्हणाले. "आणि आलं तरी ते सोलापूरहूनच आलं कशावरून? तुमची ही टिकली वाटेत मुंब्र्याच्या डोंगरावर उतरायची, चार दिवस हवा खायची आणि डौलात घरी यायची. आम्ही बार्शीची माणसं आहोत, भाऊराव. तो मुलूख आम्ही पायांनी तुडवलाय. तो एका दिवसात येत नाही."

सुमती दारात उभी राहून हे ऐकत होती.

जायच्या दिवशी ठाण्याच्या स्टेशनावर मी करंडीत होते, वरून फडकं बांधलेलं. करंडी सुमतीच्या मांडीवर होती. भाऊ खिडकीशी उभे होते. ते तिला घाटाविषयी सांगत राहिले, गाडी कुठे उलटी फिरते, बोगदे कुठे येतात. ती ऐकून घेत राहिली. गाडीनं धक्का घेतला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "फार लांब दिलंत, भाऊ."

भाऊ गाडीबरोबर दोन पावलं चालले आणि करंडीवर हात ठेवून मला म्हणाले, "टिकले, उत्तर तू द्यायचंस."

मित्रांनो, पाखराच्या पाठीवर याहून जड ओझं कुणी ठेवलं नसेल.

सोलापूरचं घर मोठं होतं. सुमतीच्या सासूबाई मोठ्या आवाजाच्या आणि मोठ्या मनाच्या. पाठराखीण म्हणून कबूतर आलेलं पाहून त्या क्षणभर थबकल्या. मग म्हणाल्या, "बाई असो की पाखरू, माहेरचं माणूस ते माहेरचं माणूस!" त्यांनी मला देवघराशेजारची जागा दिली. रोज माझी विचारपूस होई. विहिणीचा मान मला एकटीला मिळाला.

पण त्या मानानंच घात केला. भाऊंनी सुमतीला बजावलं होतं की सोडायच्या सकाळी हिला फक्त पाणी द्यायचं. भरल्या पोटी कबूतर उडत नाही, झोपतं. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी मला सोडायचं हे ठाण्यातच ठरलं होतं. त्या दिवशी पहाटे सासूबाई ताट वाढून आल्या. भिजवलेली डाळ, शेंगदाणे, वर तूप लावलेला भात.

"सासूबाई," सुमती हळूच म्हणाली, "भाऊंनी सांगितलंय की आज..."

"काय सांगितलंय? पाठराखीण उपाशी पाठवा म्हणून? ठाण्यात जाऊन काय सांगेल ती? सोलापूरकरांनी कोरडीच पाठवली म्हणून? खाऊ दे की गं तिला!"

नव्या सुनेनं यापुढे काय बोलावं? मी खाल्लं. खोटं कशाला सांगू, आवडीनं खाल्लं. मग सासूबाईंनी माझ्या कपाळावर हळद-कुंकू लावलं. माझी ओटी भरायची म्हणून हिरव्या खणाची बोटभर पट्टी कापली. तिच्यात तांदूळ घालणार, एवढ्यात शेतावरचा गडी ज्वारीची कोवळी कणसं घेऊन आला. त्या साली हुरडा लवकर धरला होता. कणसांवर अजून दंव होतं.

सुमती कणसांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "सासूबाई, तांदूळ तर आमच्याकडे खूप आहे. ओटीत हुरड्याचे दाणे घालू?"

सासूबाईंचा चेहरा फुलला. "घाल की! आपल्या शेतचं आहे ते."

सुमतीनं पाचच दाणे घातले. पट्टी तिनं माझ्या पायाला बांधली. गच्चीवर नेऊन तिनं मला छातीशी धरलं. तिला काहीतरी सांगायचं होतं. ओठ हलले, पण मागे सासूबाई उभ्या होत्या. तिनं हात वर केले आणि मला सोडलं.

सूर्य नुकताच वर आला होता. मी किल्ल्यावरून फेरी घेतली, दुसरी घेतली, आणि छातीत ती ओढ लागली. येताना मी फडक्याखाली होते, वाट पाहिलीच नव्हती. ओढीला वाट लागत नाही. पण पोटाला लागते! थोडं अंतर गेले नाही तोच पंख जड झाले. एका शेताच्या मचाणावर मी बसले आणि, मित्रांनो, मला चक्क डुलकी लागली. गोफणीचा दगड कानाजवळून गेला तेव्हा जाग आली. सूर्य कितीतरी वर चढला होता.

मग मी उडाले. पूर्वी कधी उडाले नव्हते अशी उडाले. भीमेच्या काठी घोटभर पाणी प्यायले आणि पुन्हा वर. खाली काळी रानं, पिवळी रानं, मग बाभळी, मग टेकड्या. एकदा दूरवर आगगाडी दिसली. काळ्या मुंगीसारखी ती रुळांच्या वळणावर वळण घेत होती. भाऊंचा तांबडा दोरा तो! मी पांढऱ्या दोऱ्यावर होते. मी तिला डावीकडे टाकलं आणि पुढे गेले. ती कधी मागे पडली ते मला कळलंही नाही.

घाटाच्या कड्यावर ससाण्यानं मला पाहिलं. वरून तो दगडासारखा आला. मी पंख मिटले आणि दरीत पडले, खरोखर पडले. शेपटीची दोन पिसं त्याच्या नखांत राहिली. तळाशी रान होतं. त्या झाडीतून, फांद्यांमधून मी कोकणात उतरले. पायाकडे पाहिलं. ओटी जागेवर होती.

ऊन तिरपं झालं होतं. मग समोर मलंगगड दिसला. ज्यानं तो सुळका घरी परतताना पाहिला आहे, त्यालाच माझा आनंद कळेल. कल्याणचा धूर आला, खाडी आली, मिठागरं संध्याकाळच्या उजेडात तांबूस झाली होती. पारसिक ओलांडला. मी हाक मारू शकत नाही, नाहीतर आभाळभर हाक मारली असती.

इकडे भाऊ दुपारपासून ढाबळीवर उभे होते. खाली आळी जमली होती. प्रभाकरपंत खुर्ची टाकून बसले होते.

"भाऊराव, उतरा आता. दिवे लागतील. ससाण्यानं नेली असेल, नाहीतर तिकडेच एखादा नवरा बघितला असेल तिनं."

तेवढ्यात खाडीकडून शेवंती धावत आली. पदर एकीकडे, पाटी एकीकडे.

"आली! भाऊ, आली तुमची पाठराखीण! कपालाला हलद लावून आलीय!"

सूर्याची शेवटची कड मावळतीच्या डोंगराच्या वर होती तेव्हा मी भाऊंच्या हातावर उतरले. खाली एकच गलका झाला. मुलं नाचू लागली. भाऊंनी मला छातीशी धरलं. त्यांचं काळीज माझ्याहून जोरात धडधडत होतं.

पण प्रभाकरपंत उठून आले. "थांबा. हळद काय, मुंब्र्याला मिळत नाही? पायाला काय आहे ते बघू."

भाऊंनी हिरवी पट्टी सोडली. तळहातावर पाच दाणे पडले. हिरवे, टपोरे. ठाण्याच्या भातखाऊ माणसांना काही कळेना. पंतांनी मात्र एक दाणा चिमटीत धरला आणि दाबला. दाण्यातून दूध आलं. पंत तो दाणा तोंडात टाकून बसले. मग दुसरा टाकला. मग तिसरा.

"अहो पंत, पुरावा खाताय तुम्ही!" भाऊ म्हणाले.

पंतांचे डोळे भरले होते. "आज सकाळचा आहे," ते म्हणाले. "पहिल्या कणसांचा हुरडा आहे, भाऊराव. एक रात्र गेली की दाणा असा राहत नाही. बारा वर्षांत खाल्ला नव्हता." मग आळीकडे वळून त्यांनी कचेरीत पुकारा करावा तसा पुकारा केला, "आली! सोलापूरहून आली! उजेडाच्या आत!"

त्या रात्री आमच्या आळीत दिवाळी झाली. पंतांनी स्वतःच्या घरचं गूळ-खोबरं वाटलं. भाऊंचे ते दोन दोरे पुढे कितीतरी वर्षं शाळेच्या नकाशावर टाचलेले होते. कल्याणची, भिवंडीची माणसं मला बघायला येत. त्यानंतर सुमती दर वेळी माहेरी आली की परत जाताना मला सोबत नेई. दर वेळी मी उजेडाच्या आत परत येई. पायाला कधी हरभऱ्याचा कोवळा घाटा, कधी बोर, कधी शेवंतीचं फूल. सासूबाईंनी मला पुन्हा कधी सकाळी जेवू घातलं नाही. उलट जो येई त्याला त्या बजावत, "पाठराखिणीचा उपास आहे आज!"

पण एक गोष्ट मी तुम्हांला सांगितलेली नाही. दर वेळी भाऊ माझ्या पायाची गाठ सोडत, आलेली वस्तू बघत आणि मला हळूच विचारत, "काय गं, अजून लांब वाटतं का तिला?" सुमती माहेरी येई तेव्हा हे तिलाच विचारायला हवं होतं. त्यांनी कधी विचारलं नाही. तिनंही आपलं ते वाक्य कधी मागे घेतलं नाही. दोघं नकाशावर बोलत, पुस्तकांवर बोलत, सासूबाईंवर हसत. तेवढं एक तसंच राहिलं.

वर्षं गेली. तार सगळ्यांच्या ओळखीची झाली. "तारेपुढे कबुतराचं काय चालणार?" असं लोक म्हणू लागले. मला बघायला कुणी येईना. ढाबळीच्या फळ्या कुजल्या. माझा एक पंख आखडला. सासूबाई गेल्या. भाऊ मात्र रोज वर येत राहिले, त्या शेवटच्या दिवसापर्यंत.

ते गेल्याची तार सोलापूरला घटकेत पोचली. पण तार माणसाला उचलून आणत नाही. सुमती गाडीनं आली, घाटाची सगळी वळणं घेत. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्या दिवशी तिच्या पायांना सोलापूर खरोखरच लांब होतं.

मित्रांनो, म्हाताऱ्या पाखराला दाणा-पाणी घाला, एवढं तर मी मागेनच. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. तुमची वाट बघत कुणी उंचावर उभं राहत असेल, तर त्याचं उत्तर पाखरावर सोपवू नका. आम्ही फळ आणतो, फूल आणतो. शब्द तुम्हीच आणायचा असतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सुमती परसात आली. शिडी अजून ढाबळीला तशीच टेकलेली होती. तिनं पदर खोचला आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"अगं, उतर! लोक काय म्हणतील?" घरातून मावशी ओरडली.

"चढू दे तिला," कुंपणापलीकडून प्रभाकरपंत म्हणाले. त्यांचा आवाज आता फार बारीक झाला होता.

शेवंतीनं येऊन दोन्ही हातांनी शिडी धरली. "जा गो पोरी. मी हाय खाली."

सुमती वर आली. तिच्या केसांत पांढरं दिसत होतं. तिनं माझी वाटी पाहिली. भाऊंनी भरलेलं पाणी तळाला थोडं उरलं होतं. तिनं मला उचललं आणि छातीशी धरलं, त्या पहिल्या सकाळी धरलं होतं तसं. तिचे ओठ हलले. या वेळी मागे कुणी नव्हतं.

तिनं हात वर केले आणि मला सोडलं.

मला वाटलं नव्हतं, पण पंखांनी ऐकलं. मी देवळाच्या कळसावर गेले, तळ्यावर गेले. मावळतीच्या डोंगरावर सूर्याची शेवटची कड होती. आळीतली माणसं अंगणात येऊन वर बघत होती. ढाबळीवर, भाऊंच्या जागी, सुमती उभी होती. भाऊ रोज बघत त्या बाजूला तिनं तोंड केलं आणि मोठ्यानं, सगळ्या ठाण्याला ऐकू जाईल असं म्हणाली,

"भाऊ, लांब नव्हतं हो! उजेडाच्या आत होतं!"